सांबार, चटणी आणि चौघांचा रविवार

दर रविवारी दुपारची जेवणे आटोपली की आम्ही चार मित्र फोनवर एकत्र येतो. 2020 च्या टाळेबंदीत ही सवय लागली. तेव्हा कोणाकडे सांगण्यासारखे काही नसे. कोणी कुठे गेले नव्हते, कोणी कोणाला भेटले नव्हते, आणि आजाराच्या बातम्या परस्परांना पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. राहता राहिले जेवण. आज काय केले, कशाबरोबर खाल्ले, वर काय प्यायलात, एवढ्या तीन प्रश्नांवर तासभर सहज जात असे. टाळेबंदी उठली, फोन मात्र राहिला, आणि त्यातले प्रश्नही तेच राहिले.

चौघांपैकी एक नागपूरचा, एक कोल्हापूरचा, एक मालवणचा आणि मी पुण्याचा. आमच्या वाड्यातली माडीवरची खोली वडिलांनी 1999 साली या तिघा विद्यार्थ्यांना भाड्याने दिली होती. मी झोपायला घरी असे आणि जेवायला, आईचे लक्ष नसेल तेव्हा, त्यांच्या खोलीत. वाड्यात त्यांना कोणी नावाने ओळखत नसे; नागपूरकर, कोल्हापूरकर आणि मालवणकर हीच त्यांची नावे होती. मला ते आजही ‘मालक’ म्हणतात, आणि त्याचे एकमेव कारण म्हणजे भाडे माझे वडील घेत असत.

गेल्या रविवारी मालवणकराने सुरुवात केली. त्याच्याकडे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे झाले होते. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच नागपूरकराने विचारले, “म्हणजे आंबोळीवर नुसता सांबार भुरभुरून खाल्ला का बे?” त्यावर कोल्हापूरकर म्हणाला, “भावा, पंचवीस वर्षं झाली, आता तरी दुसरा विनोद शोध.” विनोद बदललेला नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु तो ज्या प्रसंगातून जन्मला तो आमच्या मैत्रीचा पायाच असल्यामुळे मी तो इथे सविस्तर सांगणार आहे.

तिघे खोलीत राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात नागपूरकर मंडईत गेला आणि एका भाजीवाल्या बाईंसमोर उभा राहून त्याने दोन रुपयांचा सांबार मागितला. बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिले आणि अत्यंत मायेने सांगितले, “बाळा, सांबार हॉटेलात मिळतं. घरी करायचं असेल तर मसाला पलीकडे वाण्याकडे बघ.” नागपूरकराच्या हाताशी, त्याच बाईंच्या टोपलीत, कोथिंबिरीच्या हिरव्यागार जुड्या रचून ठेवलेल्या होत्या. नागपूरकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे त्या बाईंना ठाऊक नव्हते. आणि पुण्याला सांबार म्हणजे इडलीबरोबरची पातळ आमटी, एवढेच ठाऊक आहे, हे त्याला माहीत नव्हते. परक्या गावात पहिल्याच आठवड्यात वाद नको म्हणून तो मुकाट्याने वाण्याकडे गेला. वाण्याने त्याला सांबार मसाल्याचे पाकीट दिले. त्या रात्री खोलीतल्या बटाट्या-टोमॅटोच्या रश्श्याला, म्हणजे त्याच्या भाषेत आलू-भेदऱ्याच्या भाजीला, उडप्याच्या हॉटेलाचा वास येत होता, आणि तो पाकिटाकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी हिरवा मागितला होता.”

ही कथा ऐकून आम्ही हसत होतो तेव्हा मालवणकर काही हसला नाही. त्याला दोन्ही बाजू चुकीच्या वाटत होत्या. त्याच्या घरी सांबारे म्हणजे रात्रभर भिजवलेले काळे वाटाणे शिजवून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप लावून केलेले दाट कालवण. त्यातले थोडे वाटाणे वाटपाबरोबरच वाटायचे, म्हणजे रस मिळून येतो. त्याच्या लेखी कोथिंबीर हे सांबारे नव्हते आणि उडप्याचे ते तुरीच्या डाळीचे पाणीही सांबारे नव्हते. अशा रीतीने एका खोलीत, एका स्टोव्हभोवती, एका शब्दाचे तीन पदार्थ झाले.

मी पुढे या शब्दाच्या मागे बराच काळ होतो. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवाजमव, साहित्य. स्वयंपाकघरात आला की तो मसाल्याचे साहित्य होणार, आणि मग एका प्रांतात ते साहित्य घातलेले कालवण तर दुसऱ्या प्रांतात त्या साहित्यातली सर्वांत ठळक वस्तू त्या नावावर हक्क सांगणार, असा माझा आपला तर्क आहे. त्याला घरगुती तर्कापेक्षा अधिक किंमत देऊ नये. तंजावरच्या मराठा दरबारात कोकम संपले म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले, ही आख्यायिका तर प्रत्येकाने ऐकलेली असते. मला ती आवडते. पण संभाजी महाराज तंजावरला जेवायला गेल्याचा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही, आणि कोकम संपल्यावर मराठी माणूस पदार्थाचे नाव बदलून गप्प बसेल यावर मालवणकराचा विश्वास नाही.

नागपूरकराचे म्हणणे सिद्ध व्हायला हिवाळा उजाडावा लागला. दिवाळीनंतर त्याच्या घरून डबा आला, त्यात सांबारवड्या होत्या. तोवर आमच्या आईने त्याला दोनदा कोथिंबीर वडी खाऊ घातली होती आणि दोन्ही वेळा त्याने ती आदराने संपवून, “काकू, छान आहे, पण ही ती नव्हे,” असे सांगितले होते. आईला ते लागले होते. आमच्याकडे कोथिंबीर डाळीच्या पिठात कालवून, उंडे वाफवून, कापून तळतात. पिठाचे आणि कोथिंबिरीचे लग्न आधीच लागलेले असते. सांबारवडीत बेसनाची पातळ पारी लाटतात, तिला आतून चिंचेचे पाणी आणि मसाला चोपडतात, परतलेल्या कोथिंबिरीत खोबरे आणि खसखस घालून ते सारण भरतात आणि पाकिटासारखी घडी घालून तळतात. वडी मोडली की आतून हिरवे सारण सांडते. आईने एक वडी मोडून बराच वेळ निरखली, थोडीशी खाल्ली आणि म्हणाली, “अरे, ही तर कोथिंबिरीची करंजी आहे.” नागपूरकराने ही व्याख्या नागपूरला कळवली, तिकडे ती फारशी पसंत पडली नाही.

सांबाराची फजिती नागपूरकराची होती. चटणीची मात्र सर्वस्वी माझी आहे. एका संध्याकाळी कोल्हापूरकर बटाट्याचा रस्सा शिजत ठेवून पाणी भरायला खाली गेला आणि जिन्यावरून ओरडला, “मालक, त्यात दोन चमचे चटणी टाका.” मी इमानाने चटणी शोधली. आईने त्याच दिवशी वाटीभर कारळ्याची चटणी वर पाठवली होती. रश्श्यात चटणी का घालायची हा प्रश्न मला पडला, पण कोल्हापूरकडे तशी पद्धत असेल असे समजून मी दोन चमचे घातले, रंग येईना म्हणून आणखी एक घातला. परत येऊन त्याने पातेल्यात डोकावले तेव्हा रस्सा काळ्या-राखाडी रंगाचा झाला होता आणि वर कारळ्याचे तेल तरंगत होते. “हे काय डांबर केलंय?” एवढेच तो बोलला. आम्ही ते खाल्ले. वाईट नव्हते, पण ते काय आहे हे कोणाला सांगता आले नसते.

कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे मला त्या दिवशी कळले. जी तोंडी लावायची ती त्यांच्याकडेही चटणीच. पण स्वयंपाक करताना कोणी नुसते ‘चटणी’ म्हटले तर हात मसाल्याच्या बरणीकडेच जायला हवा. ही चटणी उन्हाळ्यात, पावसापूर्वी, वर्षाची करून ठेवतात. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची घ्यायची, ती कडकडीत उन्हात वाळवायची, कांदा उभा चिरून वाळवून तळायचा, खोबरे, तीळ, धने आणि खडा मसाला निगुतीने वेगवेगळा परतायचा, आणि सगळे घेऊन मिरची कांडपावर नंबर लावायचा. एका सुट्टीत मी त्याच्या आईबरोबर कांडपावर गेलो होतो. सकाळी सात वाजता आमच्यापुढे पंधरा-वीस जणी डबे घेऊन बसल्या होत्या, आत लोखंडी मुसळे धाडधाड पडत होती, आणि हवेत मिरचीचा असा काही ठसका भरला होता की शिंका कोणाची आहे हे ओळखायला कोणी मान वर करत नव्हते. मी मात्र रुमालात तोंड खुपसून बसलो होतो. त्याच्या आईने ताजी, कोमट, अजून तेल सुटत असलेली चटणी चिमटीत घेऊन माझ्या तळहातावर ठेवली आणि लगेच मीठ पुरेसे आहे का, असे विचारले. त्या वेळी माझ्या जिभेला मीठ कळण्यासारखी अवस्था नव्हती. मी “बरोबर आहे काकी” म्हणालो. घरी गेल्यावर त्यांनी आणखी दोन मुठी मीठ घातले.

परतफेड आमच्याकडूनही झाली. गोडा मसाला हे नाव ऐकून कोल्हापूरकराने पहिले वर्षभर आमच्या घरची आमटी गोड असणार या समजुतीने टाळली. त्या मसाल्यात धने, तीळ, खोबरे, दगडफूल असते, साखर नसते, हे त्याला पटवून देण्यात आईचा बराच वेळ गेला; आणि पटल्यावर त्याने पहिली वाटी तोंडाला लावली तर नेमका आमटीत गूळ होता. या बाबतीत पुणेकरांची बाजू मला अजून मांडता येत नाही.

रश्श्यावरच्या तेलकट, तिखट थराचेही असेच आहे. नागपूरला पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात, कोल्हापूरला मिसळीचा कट असतो, आणि पुण्याला आम्ही हॉटेलात बसून ‘सॅम्पल’ मागतो. नमुन्यादाखल द्यायच्या वस्तूच्या चार वाट्या मागून पिणारे आम्हीच. मिसळ कोणाची श्रेष्ठ या वादात मी पडत नाही, कारण तो वाद आमच्यात दर पावसाळ्यात होतो आणि दर वेळी मालवणकर, ज्याला मिसळीशी देणेघेणे नाही, तो निकाल देतो.

कोल्हापूरकराची एक तक्रार मात्र मला न्याय्य वाटते. देशात कुठेही गेला तरी हॉटेलच्या जेवणपत्रिकेत ‘व्हेज कोल्हापुरी’ असते, आणि ती भाजी त्याने त्याच्या घरी, त्याच्या आजोळी किंवा गल्लीतल्या कोणाच्याही लग्नात कधी खाल्लेली नाही. लाल रंग आणि तिखट म्हणजे कोल्हापूर, अशी कोणीतरी समजूत करून घेतली. त्याच गावात पांढरा रस्सा शिजतो, मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस आणि पांढरे तीळ घालून केलेला, याचे जेवणपत्रिकेला सोयरसुतक नसते. रविवारच्या फोनवर तो अधूनमधून नव्या गावच्या ‘व्हेज कोल्हापुरी’चे वर्णन ऐकवतो. आजवरच्या सर्वांत वाईट भाजीत, त्याच्या म्हणण्यानुसार, अननस होते.

आतापर्यंत एका नावाचे अनेक पदार्थ झाले. मालवणकराने आम्हाला उलटा खेळ शिकवला, एका फळाची अनेक नावे. झाडावरचे पिकलेले लालभडक फळ रत्नागिरीकडे रातांबा होते, त्याच्याकडे आणि गोव्यात भिरंड होते. फोडून, बिया काढून, साल त्याच्याच रसात मीठ घालून बुडवायची आणि उन्हात वाळवायची, असे पुन्हा पुन्हा पुट दिले की त्याच्याकडे ते सोल होते आणि आमच्या पुण्याच्या डब्यात येईपर्यंत त्याचे आमसूल झालेले असते. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. बियांचे तेल काढून, मुठीत वळून घट्ट केले की ते मुठेल, आणि ते टाचांच्या भेगांना लावायचे. आम्ही ज्याला सरसकट कोकम म्हणतो त्याला त्याच्या घरात प्रत्येक अवस्थेत वेगळ्या नावाने हाक मारतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही त्याचे अभिनंदन केले, तर त्याने विचारले, “नेमकं कशाक दिल्यानी? भिरंडाक, सोलांक की आगळाक?”

आईच्या आणि त्याच्या मैत्रीची सुरुवातही याच फळावरून भांडणाने झाली. तिने त्याला आमसुलाचे सार प्यायला दिले. जिरे-तुपाची फोडणी, किंचित गूळ, वर कोथिंबीर. तो संपूर्ण पेला प्यायला आणि अदबीने म्हणाला, “काकू, नारळ विसरलात.” आईने सांगितले की साराला नारळ लागत नाही. मग त्याने सोलकढी कशी करतात ते सांगितले. नारळाचे दूध, आगळ, ठेचलेली लसूण, मिरची. आई शेवटपर्यंत ऐकत होती ती ताक कधी येते याची वाट पाहत. ताक नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “मग तिला कढी का म्हणता?” या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे तेव्हा नव्हते आणि अजून नाही. पण त्यानंतरच्या मे महिन्यात तो आगळाची बाटली घेऊन आला, आणि आईने पहिल्यांदा केलेल्या सोलकढीचा रंग पाहून शेजारच्या आजींनी ते गुलाबाचे सरबत समजून साखर मागितली.

पिण्याच्या गोष्टी निघाल्या की पदार्थापेक्षा क्रियापदावर भांडण होते. मी चहा प्यायलो म्हणतो, कोल्हापूरकर चहा पिलो म्हणतो. पहिली काही वर्षे मी त्याला सुधारत असे. एकदा हिवाळ्यात त्याने आम्हा तिघांना रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेले. तिथे म्हशी समोर उभ्या असतात, गवळी आपल्यादेखत धार काढतो आणि फेसाने काठोकाठ भरलेला पेला हातात देतो. दूध कोमट होते, थंडीत त्यातून वाफ येत होती, आणि पेला ओठांना लावला की आधी फक्त फेस येत असे. मी निम्मा पेला संपवून थांबलो. शेजारी उभा असलेला एक पैलवान गडी माझ्याकडे पाहून कोल्हापूरकराला म्हणाला, “पावण्यांनी दूध पिलं न्हाई.” त्या जागी, त्या थंडीत, ‘प्यायले नाही’ असे दुरुस्त करण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि तेव्हापासून मी तो विषय सोडून दिला. उरलेला निम्मा पेला नागपूरकर पिला.

आता खोली नाही, वाडाही नाही. तिथे सहा मजली इमारत झाली आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. दर जूनच्या सुरुवातीला कोल्हापूरहून दोन किलो चटणी येते. बायकोने बरणीवर ‘चटणी, भाजीत घालायची’ अशी चिठ्ठी लावली आहे, आणि शेजारच्या बरणीवर ‘चटणी, पोळीबरोबर खायची’ अशी. घरात येणारे पाहुणे त्या चिठ्ठ्या वाचून हसतात. हसणाऱ्यांत कोल्हापूरचा कोणी असेल तर तो दुसरी चिठ्ठी वाचून पोळीवर अडतो, कारण त्याच्या घरी रोजची असते ती चपाती आणि पोळी पुरणाची.

माझी मुलगी यंदा शिकायला नागपूरला गेली. नागपूरकराने तिला घरीच राहायचा आग्रह केला होता, पण तिला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचे होते. मागच्या बुधवारी तिचा फोन आला. ती संध्याकाळी खोलीजवळच्या हातगाडीवर भाजी घ्यायला गेली होती. वांगी आणि टोमॅटो तोलून झाल्यावर भाजीवाल्याने विचारले, “सांबार टाकू का?” ती म्हणाली, “नको काका, मी डबा नाही आणला.” भाजीवाल्याने गाडीला हात टेकून आधी हसून घेतले, मग एक जुडी उचलून तिच्या पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. सांबाराच्या गोष्टी लहानपणापासून ऐकूनही ऐन वेळी तिला इडलीच आठवली, याचे तिला फार वाईट वाटत होते.

हे मी गेल्या रविवारी, आंबोळ्यांचा विषय संपल्यावर, फोनवर सांगितले. मालवणकर आणि कोल्हापूरकर एकदमच हसायला लागले. नागपूरकराकडून काहीच आवाज आला नाही, इतका वेळ की फोन तुटला की काय असे मला वाटले. मग त्याने अगदी शांतपणे विचारले, “त्यानं वाण्याकडे नाही ना पाठवलं बे तिला?”